कांद्याचा वास

कुणी बुक्कीने कांदा फोडला की त्या उग्र वासाने मला ताटावरून उठावं लागतं. आम्ही देवळाली कॅम्पजवळ राहायचो. सरावाच्या तोफांनी खिडक्या थरथरायच्या, पण त्याची सगळ्यांना सवय होती. एका सकाळी घरातला फोन एकदम खणाणला आणि कणीक मळणारी माझी धाकटी बहीण परातीवरच कोसळली. "अहो, पुन्हा फिट आली! कांदा आणा!" आई ओरडली. वडिलांनी बुक्कीने कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. याआधी ती अशीच शुद्धीवर आली होती. या वेळी कांद्याने वडिलांचे डोळे वाहत राहिले, तिचे उघडलेच नाहीत. पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती फिट नव्हतीच. हृदयाच्या पेशींना विजेवर उघडमीट करणारी बारीक दारं असतात. तिची काही दारं नीट उघडत नसावीत, म्हणून दचकली की ठोके बिघडायचे. घरातल्या सगळ्यांचा ईसीजी काढा." तो दोष वडिलांत निघाला, माझ्यात निघाला, आणि आता माझ्या लेकीतही. आमच्या दाराला बेल नाही. कांद्याचा काही उपयोग नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी लेक जरा दचकली की माझी मूठ आपोआप वळते.