समितीकडे गेलेला विषय

"हा विषय समितीकडे जाऊ द्या."

हे म्हणण्याआधी तो खुर्चीतून अर्धवट उठायचा, जाकिटाचं मधलं बटण लावायचा आणि डाव्या हाताचा तळवा पुढे धरायचा. पाहणाऱ्याला वाटावं, दोन बाजूंनी हाणामारी चालली आहे आणि हा बिचारा मधे पडतोय. हाणामारी कसली? चहात आलं घालायचं की वेलची, इतकाच प्रश्न असायचा.

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक मंडळात एक असतोच. आमच्या वाट्याला आला तो मस्कतच्या मराठी मंडळात, अध्यक्ष म्हणून, आणि तोही चांगली सात-आठ वर्षं. नाव सांगत नाही. समोर आम्ही त्याला 'अहो सभापती' म्हणायचो. टिंगल म्हणून ठेवलेलं नाव होतं, पण त्याने ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. आज मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तेवढा हक्क मी कमावला आहे.

अल् खुवैरमधल्या एका ठेकेदार कंपनीत मी अकाउंट्स पाहायचे आणि हा ॲडमिन. टेबलाला टेबल लागून. ओमानात यायच्या आधी तो म्हणे नागपूरकडच्या एका आमदाराचा स्वीय सहायक होता. किती दिवस होता, हे कधी नीट कळलं नाही. पण विधिमंडळ त्याच्या अंगात जे शिरलं ते शिरलंच. ऐन जूनमध्ये ऑफिसचा एसी बंद पडला तेव्हा आम्ही कागदांनी वारा घेत होतो आणि हा म्हणाला, "आधी एक उपसमिती नेमू. बिघाडाचं स्वरूप तपासू." आमचे अर्बाब, म्हणजे मालक, हसत हसत म्हणाले, "खलास, टेक्निशियन बुलाव, यल्ला!" एसी तासाभरात सुरू झाला. हा मात्र दिवसभर फुरंगटून बसला. कार्यपद्धती पाळली नाही म्हणून!

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन सुरू झालं की याचा सण. मस्कतच्या डिसेंबरात बाकीचे लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात, हा गळ्यापर्यंत जाकीट घालून यायचा. संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं निवेदन पडायचं: आज अमुक विधेयक मांडलं गेलं, तमुक संमत झालं, एक संयुक्त समितीकडे गेलं, लोकलेखा समितीचा अहवाल आला, गदारोळात कामकाज तहकूब. खाली कुणीतरी अंगठा टाकायचं, कुणी नातवाचा फोटो. वाचत कुणीच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी हा मला विचारायचा, "वहिनी, कालचं पाहिलंत? काय डाव टाकला!"

एकदा चहा पिताना त्याने मला तो डाव समजावून सांगितला. डोळे असे चमकत होते, जणू आईच्या हातची पाककृती सांगतोय.

"विधेयक कधी पाडायचं नसतं, वहिनी. पाडलं की शत्रू तयार होतो. समितीकडे पाठवायचं. समितीने मुदतवाढ मागायची, आपण द्यायची. परत मागायची, परत द्यायची. मग विधानसभेची मुदत संपते आणि विधेयक आपोआप व्यपगत होतं. मारणारा कुणीच नाही."

"आणि ज्याला ते हवं होतं, तो?"

"तो आभार मानतो हो! समिती नेमली म्हणून."

मी कप ठेवला आणि मनात म्हटलं, हा माणूस साधा मूर्ख नाही. साधा मूर्ख असता तर परवडला असता.

आता इकबालभाईंचं सांगते. श्रीवर्धनकडचे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काम, राहायला माबेल्यात. बायको आणि एकच मुलगी, सना. शाळा इंग्रजी, मैत्रिणी मल्याळी नि तमिळ, घरात टीव्ही हिंदी. पोरीला मराठी कानाला कळायचं, तोंडातून निघायचं नाही. गावी इकबालभाईंची आई एकटी. तिला मराठीच येत होतं, तेही तिकडच्या वळणाचं. दर शुक्रवारी फोन. आजी विचारायची, "काय जेवलीस गो?" आणि सना म्हणायची, "फाईन, दादी." पुढे दोन्हीकडे शांतता, मग फोन बापाच्या हातात.

मंडळाचा मराठी वर्ग होता, नाही असं नाही. पण तो मदिनत सुलतान काबूसमध्ये, एका सभासदाच्या व्हिलात, शनिवारी सकाळी. शनिवारी इकबालभाईंचं दुकान उघडं, बायकोला गाडी येत नाही, आणि माबेला म्हणजे शहराचं दुसरं टोक. आता गंमत बघा. माबेल्यातच साताऱ्याकडची एक मुलगी राहत होती, लग्न होऊन आलेली, डी.एड. झालेली. ती म्हणाली, मी शिकवते, काही नको मला. मुलं होती, खोली होती, बाई होती. फक्त मंडळाने 'आमचा वर्ग' म्हणून मान डोलवायची होती. परक्या देशात घरात पोरं जमवून शाळा मांडायची तर डोक्यावर कुणाचं तरी छत्र लागतं, नाहीतर शेजाऱ्याने तक्रार केली की संपलं. त्या पोरीच्या नवऱ्याने तेवढीच अट घातली होती, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

इकबालभाई वार्षिक सभेत उभे राहिले. बोलायची सवय नाही, हातात टोपी चुरगळत होते.

"माझी आय म्हातारी झालीय. पोरीला तिच्याशी दोन गोष्टी बोलता याव्यात, बास. दुसरं काय नको आपल्याला."

मी टाळी वाजवायला हात उचलला, तर बाजूला खुर्ची कुरकुरली. बटण लागलं. तळवा पुढे आला.

"अत्यंत जिव्हाळ्याचा विषय. म्हणूनच घाई नको. हा विषय समितीकडे जाऊ द्या."

"अहो, कशाला समिती?" मी ओरडलेच. "हो म्हणा आणि मोकळे व्हा!"

"वहिनी, आज माबेला, उद्या बरका, परवा सोहार. धोरण नको?"

त्याची मत मागायची वेळ ठरलेली असायची. बाहेर पुऱ्या तळायला घेतल्याचा वास आत आला की हा विचारणार, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." भुकेली माणसं कशालाही होय म्हणतात. "होयचे बहुमत, होयचे बहुमत!" म्हणत हा पहिला ताटाकडे. आणि खरंच, इकबालभाईंनी त्याचे आभार मानले.

समितीत अध्यक्ष हाच. बरोबर एक दाताचे डॉक्टर आणि एक इंजिनियर. बरेच महिने काही हाललं नाही. मी रोज टेबलावरून टोचत होते, तेव्हा कुठे 'पाहणी दौरा' ठरला. याला गाडी येत नव्हती. ओमानच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये इतक्या वेळा नापास झाला होता की तपासणारे त्याला नावाने हाक मारायचे. त्यामुळे गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि मागे बसून हा वाटेतल्या इमारतींची पाहणी करतोय.

इकबालभाईंच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण, वर सांदणं. समितीने पोटभर पाहणी केली. सांदणं बांधूनही घेतली. तेवढ्यात श्रीवर्धनहून फोन आला. नेहमीसारखं सना "फाईन, दादी" म्हणाली आणि अडली. इकबालभाई फोन घ्यायला उठले, तर याने हात पुढे केला.

"द्या इकडे. आजी, नमस्कार! मी मस्कतहून मंडळाचा अध्यक्ष बोलतोय. गुडघे काय म्हणतात? आणि सुपारी कशी आलीय यंदा?"

काय बोलला म्हणून सांगू! छान बोलला. आजी तिकडे खळखळून हसत होती, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. गावातल्या मशिदीमागच्या विहिरीपासून पोरीच्या जावळापर्यंत सगळं तिने त्याला सांगितलं. सना दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिची दादी एका परक्या माणसाशी एवढं बोलत होती, आणि ती नुसती बघत होती.

शेवटी हा म्हणाला, "आजी, तुमची नात तुमच्याशी मराठीत बोलणार. हे माझं आश्वासन!"

मला खरंच वाटलं, झालं काम. परतताना मी म्हटलं, "मग कळवून टाका ना आजच, मंजूर म्हणून."

"असं कसं, वहिनी? अहवाल यायचाय."

"अहो, आत्ता म्हातारीला शब्द दिलात!"

"आश्वासन दिलं. विधिमंडळात आश्वासनांसाठी वेगळी समिती असते. तो वेगळा विषय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी तिथेच हमरस्त्यावर थांबवून त्याला सांदणांसकट खाली उतरवावं असं वाटलं. उतरवला नाही याची रुखरुख आजही आहे.

अहवाल आलाच नाही. 'अंतरिम' आला. विषयाला अनेक पैलू आहेत, सबब मुदतवाढ मिळावी. पुढच्या सभेत पुऱ्यांचा वास, होयचे बहुमत, मुदतवाढ मंजूर. त्याच्या पुढच्या सभेतही तेच. सनाची उंची वाढली. इकबालभाई मला दिसले की विचारायचे, "वहिनी, आपलं ते कधी होयाचा?" मी म्हणायचे, होईल हो. दुसरं काय म्हणणार? आजीचे फोन छोटे होत गेले, तिला दम लागायचा. प्रश्न तेवढा तोच. "काय जेवलीस गो?"

मग एका सभेला इकबालभाई आले ते मागेच उभे राहिले. कामकाज सुरू झाल्यावर हात वर केला.

"माझा विषय मी मागे घेतो. आय गेली गेल्या हप्त्यात."

सगळ्यांच्या माना आपोआप याच्याकडे वळल्या. आणि हा, तुम्हाला खोटं वाटेल, हा म्हणाला, "दुःखद आहे. परंतु विषय मागे घ्यायला सभागृहाची अनुमती लागते."

"अहो, आई गेली त्यांची!" मी म्हटलं.

"वहिनी, विषय एकदा समितीकडे गेला की सभागृहाचा होतो. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

पुऱ्यांचा वास आला होता. कुणी होय म्हणालं नाही. हा वाट पाहत उभा राहिला. जाकिटाच्या बटणाकडे हात गेला, पण बटण काही हाताला लागेना. नुसता चाचपडत होता. मग स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "होयचे बहुमत," आणि खाली बसला. इकबालभाई तोपर्यंत निघूनही गेले होते.

त्या दिवशी मी त्याला घरी सोडलं, तेव्हा उतरताना म्हणाला, "आजींचा आवाज छान होता हो." मनात आलं, चला, लागलं याला कुठेतरी.

कसलं लागतंय! संध्याकाळी ग्रुपवर निवेदन: 'विषय मागे घेण्यात आल्याने समिती विसर्जित. सदस्यांनी दिलेल्या बहुमोल वेळाबद्दल आभार.' खाली कुणीतरी अंगठा टाकला.

वर्षभरात कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. निरोपाला ऑफिसात केक आणला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, माझ्यामागे मंडळाचं कसं व्हायचं?"

"काळजी नको," मी म्हटलं. "समिती नेमू."

तो गहिवरला. मी कुचकटपणे बोलले हे त्याला कळलंच नाही. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "एवढं कुणीतरी शिकलं माझ्याकडून!"

तो गेल्यानंतरच्या पहिल्याच सभेत साताऱ्याच्या त्या मुलीने माबेल्याच्या वर्गाचं विचारलं. नव्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "हो, करा की." झालं. पुऱ्या अजून तळायच्या होत्या.

डिसेंबरात वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मी गेले होते. सना आता बापाच्या खांद्याला लागली होती. येणार नाही असंच मला वाटलं होतं. आली, आणि बारक्या पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसली. इकबालभाई दुकानातून तासाची सुट्टी काढून दारात उभे होते.

बाईंनी सोपं म्हणून एकेकाला विचारायला घेतलं, "आज काय जेवलीस?" "काय जेवलास?" पोरं ओरडून सांगत होती, अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत.

माझ्या पर्समधला फोन वाजला. त्याचाच. नागपूरला पोचला होता, विधान भवनाच्या फाटकाबाहेर जाकीट घालून उभा असलेला फोटो. पास मिळाला नव्हता. खाली निवेदन होतंच: आज काय काय मांडलं गेलं, काय संमत झालं, काय समितीकडे गेलं. कीव यायला हवी होती, नाही का? नाही आली.

फोन बंद करून मान वर केली तर बाईंचा प्रश्न सनापर्यंत आला होता.

"सना, तू काय जेवलीस?"

ती एकेक शब्द जुळवत, बाईंकडे न बघता, समोरच्या भिंतीला म्हणाली, "मी भात जेवले. आणि सुरमई. आणि तू काय जेवलीस गो?"

बारकी पोरं हसली. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "मी पण भातच." इकबालभाई दाराबाहेर जाऊन चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.