तब्येतीचा चार्ज

आपल्या कारखान्यात आजारी माणूस जवळजवळ नाहीच, असं एमडी साहेब मला त्यांच्या केबिनमध्ये सांगत होते. त्या वेळी माझ्या दवाखान्याच्या बाकावर चार जण ताटकळत बसले होते. एकाच्या डोळ्यात बगॅस गेलं होतं, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा भुसा. दुसऱ्याचा हात गरम रसानं पोळला होता. उरलेले दोघे बीपी मोजून घ्यायला आले होते आणि तो किती निघाला हे मी त्यांच्या बायकांना सांगायचं नाही, अशी त्यांची अट होती.

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर सगळं हिरवंगार होतं.

"एवढी निरोगी माणसं मी दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात पाहिली नाहीत," ते म्हणाले. "मग पूर्णवेळ दवाखाना कशाला? महिनाअखेरीला बंद करू. गेटवर एक स्क्रीन लावू, त्यावर डॉक्टर बोलतील. तुम्हाला टाइम ऑफिसला घेऊ."

टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी लागते ती जागा. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन सांगलीकडे आले आणि तेव्हापासून या साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहे. टाके घालणाऱ्या हातांनी मी आता लोकांचे अंगठे मशीनवर टेकवत बसायचं होतं. पण खरी धास्ती मला माझ्या खुर्चीची नव्हती. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. कुणाचं बोट चेनमध्ये जातं, कुणाच्या छातीत कळ येते. मोठं दुखणं झालं की मिरज गाठावं लागतं आणि वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या की ॲम्ब्युलन्सचा भोंगा कुणी ऐकत नाही. तोवर माणूस धरून ठेवायला कुणीतरी लागतं. पडद्यातला डॉक्टर रक्त थांबवत नाही.

आता हा हिरवा रंग आला कुठून, ते सांगते.

साहेब पुण्याहून नवीन आले होते. माणूस कष्टाळू आणि सरळ, पण त्यांचा आलेखावर फार विश्वास. त्यांनी वेलनेस सप्ताह काढला. प्रत्येकानं मोबाइलवर स्वतःच्या तब्येतीला स्वतःच मार्क द्यायचे. तेही नुसते शरीराला नाही. शरीर, मन, माणसं, काम, बुद्धी आणि अध्यात्म अशा सहा बाजू, प्रत्येकीला दहापैकी मार्क. कल्पना मला पटली होती, आजही पटते. ज्याचं घरात कुणाशी धड बोलणं नाही त्याला मी ॲसिडिटीच्या कितीही गोळ्या दिल्या तरी तो परत येतोच, हे मी रोज बघते.

पण आमच्या कारखान्यात मार्क हा शब्द लोकांनी एकाच कामासाठी ऐकलेला. हंगामी कामगाराला कायम करायचं की नाही, हे ठरवताना खातेप्रमुख मार्क देतो. त्यामुळे साहेब मार्क मागतायत म्हणजे माणसं कमी करायचा बेत आहे, असं कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी ठरलं. मग काय, सगळ्यांनी दहापैकी दहा लावले. आमचे बॉयलर अटेंडंट सर्जेराव तात्या तर फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. 'तुम्ही मनातल्या भावना मोकळेपणाने बोलून दाखवता का?' या प्रश्नावर त्यांनी दहा दिले. मी विचारलं, तात्या, कुणाला दाखवता? तर म्हणाले, "सुपरवायझरला. रोज."

मी जरा फटकळ आहे. केबिनमधून निघाले ती थेट बाकावरच्या चौघांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, तुमच्या दहापैकी दहानं माझा दवाखाना बुडवला, आता डोळ्यातलं बगॅस स्क्रीनपुढं जाऊन काढा. संध्याकाळपर्यंत ही बातमी ऊस उतरवायच्या यार्डापासून साखरेच्या गोदामापर्यंत पोचली. सर्जेराव तात्या मला धीर द्यायला आले. म्हणाले, "सिस्टर, तुमी नका काळजी करू. साहेबास्नी म्हना, येक डाव पुन्ना घ्या."

साहेबांनाही तुलना करायला दुसरा आलेख हवाच होता. त्यांनी पुन्हा मार्क मागवले. या वेळी पडदा लालभडक झाला. सगळ्यांना सगळ्यात शून्य. भजनी मंडळाच्या बुवांनी अध्यात्मात शून्य घेतलं. तालमीत अजून शड्डू ठोकणाऱ्या क्रेन ऑपरेटरनं शरीराला शून्य दिलं. मला वाचवायच्या भरात माझी माणसं आठवडाभरात मरणपंथाला लागली होती.

साहेबांनी मला बोलावलं. ते चिडले नव्हते, त्याहून वाईट म्हणजे शांत होते. म्हणाले, "सिस्टर, पहिलं खरं असेल तर दवाखान्याची गरज नाही. दुसरं खरं असेल तर यातला एकही माणूस बॉयलरवर उभा करता येत नाही. सगळ्यांना ड्युटीवरून काढून मिरजेला तपासणीला पाठवावं लागेल. भर हंगामात कारखाना कोण चालवणार? शनिवारपर्यंत खरं काय ते मला दाखवा. नाहीतर ठरल्याप्रमाणे टाइम ऑफिस."

आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. मी दोन दिवस ज्याला त्याला गोडीनं विचारून बघितलं. स्वतःबद्दल विचारलं की आमच्याकडच्या माणसाला दोनच उत्तरं येतात. एक, 'मला काय झालंय?' आणि दुसरं, 'आता माझं काय राहिलंय?' पहिलं साहेबाला सांगायचं, दुसरं सुनेला. मधलं उत्तर कुणी शिकवलेलंच नाही.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मी एकाचं ड्रेसिंग बदलायला बॉयलर हाउसला गेले. चारला पाळी बदलते. तात्यांची पाळी संपली होती आणि बाबू माने आला होता. बाबू तात्यांचा रिलिव्हर, म्हणजे एकाची पाळी संपली की त्याच जागेवर येणारा दुसरा. दोघांची जोडी जुनी. जाणाऱ्यानं येणाऱ्याला 'चार्ज' द्यायचा असतो. म्हणजे मशीन कसं चाललंय, कुठं काय बिघडलंय, ते तोंडानं सांगायचं. तात्या सांगत होते, की दोन नंबरचा पंप आवाज करतोय, डावीकडचा व्हॉल्व्ह थोडा गळतोय, लक्ष ठेव. बाबू मान हलवत होता. मी तिथंच थबकले. हाच माणूस स्वतःला आधी सगळीकडे दहा आणि मग सगळीकडे शून्य देऊन बसला होता. पण पंपाबद्दल तो एक अक्षर खोटं बोलत नव्हता, कारण बॉयलरचा चार्ज खोटा दिला तर पुढच्या पाळीतला माणूस मरतो.

मी अर्धवट चेष्टेनंच म्हटलं, "बाबू, पंपाचा चार्ज झाला. आता तात्यांचा चार्ज दे."

बाबूनं विचार केला नाही. सवयीनं सुरू झाला.

"तात्या चालू हायत. पन लोड घेत न्हाईत. जिना चढताना दोनदा थांबत्यात आन् तंबाखू मळायचं निमित्त करत्यात. डबा निम्मा परत जातोय. धाकल्या पोराशी दिवाळीपास्नं बोलत न्हाईत, म्हून झोप न्हाई. बाकी वक्के."

"तुला कुनी इचारलं रं?" तात्या म्हणाले.

"चार्ज हाय, तात्या. खोटा देता येत न्हाई."

तात्या तंबाखू मळायला लागले. मला एकदम भरून आलं, कारण शरीर, मन आणि माणसं अशा साहेबांच्या तीन बाजू बाबूनं एका दमात सांगितल्या होत्या आणि त्यात तो तात्यांवर किती जीव लावून होता तेही कळत होतं. मी तात्यांना तिथंच बसवून बीपी बघितला. तो मुळीच बरा नव्हता. मिरजेला चला म्हटलं, तर म्हणाले, उद्या तुमचं साहेबाफुडचं काम होऊ द्या, मग बघू. उद्याच्या पाळीत त्यांना जिना चढू द्यायचा नाही, एवढं मी सुपरवायझरला बजावलं.

शनिवारी चारला, पाळी बदलताना, तिसऱ्या पाळीला घटकाभर मशीनवर उभं करून मी दोन्ही पाळ्यांना आणि साहेबांना कँटीनमध्ये बोलावलं. मोबाइल बाजूला ठेवायला लावले. जोडीजोडीनं उभं राहायचं आणि आपल्या रिलिव्हरचा चार्ज द्यायचा, एवढंच सांगितलं. पहिल्यांदा सगळे लाजले. मग बाबूनं तात्यांचा चार्ज पुन्हा दिला आणि लोकांची भीड चेपली. क्रेन ऑपरेटरचा जोडीदार म्हणाला की हा गडी तब्येतीनं दणकट हाय, पन मोबाइलवर रात्रभर कुस्त्या बघतो आन् सकाळी क्रेनवर डुलक्या घेतो. भजनी बुवांचा चार्ज असा आला, की अध्यात्म एक नंबर, पन भजनात दुसऱ्यानं वरची पट्टी लावली की चार दिवस त्याच्याशी बोलत न्हाईत. बुवांनी हरकत घेतली. चार्जवर हरकत घेता येत नाही, असं सगळ्यांनी त्यांना सुनावलं. हसता हसता मी नावं टिपत होते. कुणाला साखर बघायला बोलवायचं, कुणाचा चष्मा, कुणाशी नुसतं बसून बोलायचं.

साहेब मागच्या टेबलावर चहा घेऊन बसले होते. तेही हसत होते. त्यांनी उठून लोकांचं कौतुक केलं आणि आता आपल्याला खरी माहिती मिळाली, असं म्हणाले. दवाखान्याबद्दल मात्र सोमवारी बघू म्हणाले. माझा जीव तिथंच टांगलेला राहिला.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "सायेब, तुमचा चार्ज कोन देनार?"

एमडीला रिलिव्हर नसतो. त्यांच्या जागेवर दुसरा कुणी येत नाही आणि त्यांच्याबरोबर कुणी जेवायला बसत नाही. साहेब हसून म्हणाले की मी स्वतःला दहा दिलेत, तेवढं पुरे. मग दाराशी उभा असलेला त्यांचा ड्रायव्हर धोंडीराम घसा खाकरून पुढं आला.

"मी देऊ का, सायेब?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. धोंडीरामानं ते हो धरलं.

"सायेब चालू हायत. कामाला दहा. पन दुपारचं जेवान गाडीत, येकटेच, फोनवर बोलत. मॅडम आन् लेक पुन्यात, हितं बोलायला कुनी न्हाई. ह्या आठवड्यात दोनदा डावा हात चोळत व्हते. मला म्हनाले, कुनाला सांगू नको." एवढं बोलून तो थांबला आणि हळूच म्हणाला, "पन ह्यो चार्ज हाय, सायेब."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सिस्टर, मशीन आहे ना तुमच्याकडे?"

दवाखान्यात त्यांना बाकावर बसवलं, शेजारी तात्यांना. साहेबांचा आकडा तात्यांच्या वरचढ निघाला. मी दोघांनाही उत्तर द्यायची संधी दिली नाही. साहेबांच्याच गाडीत मागच्या सीटवर दोघांना शेजारी बसवलं, पुढं मी आणि धोंडीराम. मिरजेपर्यंत मागून एकच संवाद चालू होता. साहेब म्हणत होते, मला विशेष काही नाही, यांना तपासा. तात्या म्हणत होते, मला काय बी न्हाई, सायबास्नी बघा. डॉक्टरांनी दोघांचा ईसीजी काढला आणि दोघांनाही ॲडमिट केलं. वेळेत आलात, असं म्हणाले. बाबूनं परस्पर फोन करून तात्यांच्या धाकट्याला बोलावलं होतं. तो येऊन पायाशी उभा राहिला तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "जेवलास का?" दिवाळीपासूनचं भांडण तिथं मिटलं.

दोघंही आता बरे आहेत. तात्यांना खालच्या पॅनेलवर काम दिलंय, जिना नाही. दवाखाना बंद झाला नाही. स्क्रीनची ऑर्डर आधीच गेली होती, ती आली आणि माझ्याच भिंतीवर लागली. त्यातले डॉक्टर चांगले आहेत. मी इथून बीपी सांगते, ते गोळी सांगतात. साहेब दर सोमवारी बीपीचा पट्टा बांधून घ्यायला येतात, डबाही तिथंच बाकावर उघडतात, आणि बाकावर आधी जो बसलेला असेल त्याला भाजी वाढतात.

गेल्या सोमवारी तात्याही त्याच बाकावर होते. मी साहेबांचा बीपी मोजून आकडा सांगितला आणि नेहमीप्रमाणे ऐकवलं, की स्वतःला दहा देणाऱ्याला आधी बाकावर बसवावं. साहेबांनी शांतपणे तात्यांना विचारलं, सिस्टरांना रिलिव्हर नाही, मग त्यांचा चार्ज कुणाकडे?

"म्याच देतो," तात्या म्हणाले. "सिस्टर चालू हायत. तोंड लवकर तापतं, पन ते बनावटीतच हाय. येवढंच, की मशीनचा आकडा आता हात लांब करून वाचत्यात. चष्म्याचा लंबर कवाच वाढलाय. लोकास्नी मिरजेला धाडत्यात, सोता जात न्हाईत."

साहेबांनी माझ्या हातातलं मशीन घेतलं आणि आकडा स्वतः वाचला. मी सांगितला होता त्याहून तो वेगळा होता.

काल मी मिरजेला जाऊन चष्मा बदलून आले.