टंच किती?

आमचे आप्पा मूळचे हुपरीचे, चांदीचे कारागीर. कोल्हापुरात राहायला आलो तरी पैंजणाचं काम हुपरीहूनच यायचं आणि मागच्या खोलीत बसून ते आम्हीच करायचो. आम्ही म्हणजे आधी आई, मग मी. आप्पा चांदी वितळवायचे, तार ओढायचे आणि उरलेला वेळ चहा पीत आम्हाला शिव्या घालायचे. कड्या जोडून जोडून आईचे डोळे अधू झाले, तेव्हा चिमटा माझ्या हातात आला. मलाही जाड भिंगांचा चष्मा लागला आणि बघायला आलेली स्थळं परत जायला लागली. "बरं झालं, कामाचं माणूस घरात राहिलं," असं आप्पा चारचौघांत हसून सांगायचे.

धाकटी मात्र सुटणार होती. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली आणि पुढं शिकायला तिला पुण्यात प्रवेशही मिळाला. सोमवारी निघायचं होतं. शनिवारी जेवताना ती मला तिच्या लाडक्या ताऱ्याचं सांगत होती. श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकाशाच्या मानानं अगदी शेजारचा. त्याच्या वातावरणात लोखंड, कॅल्शियम असले धातू मिसळलेले दिसतात.

धातू म्हटल्यावर आप्पांचा घास हातातच राहिला.

"टंच किती निघाला?"

मालात अस्सल चांदी किती, ते सांगतो तो टंच. धाकटीला हसू आलं. "चांदी न्हाय ओ आप्पा. तिथं धातू हीच खोट हाय. आपल्याभोवती फिरणारे ग्रह ओढून खाल्ले त्यानं, त्यांचा धातू हाय त्यो."

"कवा खाल्ले?"

"अजून खातोय की. जड धातू खाली बसतोय. वर दिसतोय म्हंजे खाणं चालूच हाय."

"भारी हाय की गडी. मेला तरी जेवतोय! वाढ गं, रस्सा वाढ," आप्पा म्हणाले.

मी फस्सकन हसले. आईनं मान खाली घातली.

रविवारी सकाळी आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, गॅस आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. घरी येऊन आप्पा पलंगावर आडवे झाले ते उठेचनात. "जा की पुण्याला. आक्काचे डोळे चाललेत, तिच्यानं आता काय हुतंय? बाप मेला की ये सावकाश." दिवसभर हेच. संध्याकाळी धाकटी भरलेली बॅग उपसायला लागली. मी तिचा दंड धरला.

"नाटक हाय सगळं. तू जा."

"आणि खरं निघालं तर, आक्का?"

मी तिचा दंड सोडला. आम्ही एवढ्यावरच अडणार, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी ती चिमटा घेऊन माझ्या पाटावर बसली. पलीकडं आप्पा पोहे खात होते, वर लिंबू मागत होते. छातीला हात लावायचंसुद्धा त्यांना आठवलं नाही. मी देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी राहिले आणि मागितलं, आता खरंच दुखू दे.

अजून रोज मागते.