आवाज बाहेर न जाणारी खोली

मी ज्यांच्याकडे पोळ्या करते, त्या गाण्याच्या बाईंइतकं भांडखोर माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचं नाही. आणि त्या भांडतात कशासाठी, तर शांततेसाठी. कुकरची शिट्टी झाली तरी शेजारी जाऊन सांगतात, "आमच्याकडे भूप चाललाय, जरा गॅस बारीक करा." बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांच्या वडिलांचं आंब्याच्या पेट्या ठेवायचं गोदाम होतं. तिथे दुकान काढा, भाडं येईल, असं सगळ्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, "दुकानं काय कमी आहेत? गाणाऱ्याला रियाज करायला नि रेकॉर्डिंग करायला गावात एक खोली नाही." आणि खोली केलीच.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना फळ्या ठोकून मधे पेंढा भरला. जन्मभर आंब्याची अढी घातलेलं घर, पेंढ्यावर त्यांचा फार विश्वास. पावसाळ्यात त्यात उंदरांनी संसार थाटला आणि चिपळूणच्या एका गवयाच्या आलापात मधेमधे चीं चीं रेकॉर्ड झालं. तो चिडला तर बाई त्यालाच म्हणतात, "उंदीर सुरात होता हो." पण दुसऱ्या दिवशी पेंढा उपसला आणि काथ्या नि घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या भिंतींना गेल्या. त्या थंडीत बाई सतरंजी पांघरून झोपल्या.

बाहेर आवाज येतो का, हे बघायचं काम माझं. दारावरचा लाल दिवा लागला की आत वाजवायला सुरुवात झाली असं समजायचं आणि मी जिन्यापाशी कान देऊन उभं राहायचं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणूनच मला ऐकता चांगलं येतं, असं बाई म्हणायच्या.

मग वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी तक्रार केली. तबल्याने डोकं उठतं, खोली बंद करा. बाई म्हणाल्या, "उद्या अकराला खाली या. आवाज आला तर मी स्वतः कुलूप घालते."

दुसऱ्या दिवशी सगळी बिऱ्हाडं जिन्यापाशी जमली. बाई तबलजींना घेऊन आत गेल्या, दार लागलं. लगेच सेक्रेटरींनी बोट वर केलं. "ऐका. धाड धाड. आता काय म्हणणं आहे?" सगळ्यांनी माना हलवल्या. दिवा तर लागलाच नव्हता. मी बोलले कशी, मला अजून कळत नाही.

"साहेब, आत अजून सुरू नाही झालेलं. हे तुमच्या घरातलं. वहिनी मसाला कुटतायत."

लोक हसले. मग दिवा लागला. मी नीट कान दिला. दाराखालच्या फटीतून अगदी बारीक ऐकू येत होतं. सगळे माझ्याकडेच बघत होते.

"आता येतोय," मी म्हटलं. "थोडासा."

बाई बाहेर आल्या तशी सेक्रेटरी म्हणाले, "घाला कुलूप." बाईंनी सगळ्यांसमोर कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी सुताराकडून दाराखाली जाड रबर बसवून घेतलं आणि कुलूप काढलं. सेक्रेटरी तणतणत आले तर म्हणाल्या, "घालते म्हटलं होतं, घातलं. किती दिवस ते तुम्ही विचारलंच नाहीत. आता परत ऐका, नि वहिनींना म्हणावं, जरा दम घ्या." या वेळी काहीच ऐकू आलं नाही.

बाई माझ्यावर रागावतील अशी मला धास्ती होती. त्या एवढंच म्हणाल्या, "अगो, खोटं बोलली असतीस तर पोळ्यांना दुसरी बाई बघितली असती."

आता देवरूख, लांज्याहूनसुद्धा मुली येतात. बाई मात्र त्या खोलीत एकदाही गायल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "गळा होता तेव्हा रेकॉर्डिंगला मुंबईला जावं लागे, नि बाबा सोडत नसत. खोली झाली तेव्हा गळा राहिला नाही." आणि तांदूळ निवडायला बसल्या.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बाई गाणारीचं नाव सांगतात, रागाचं नाव सांगतात, आणि मग जरा मोठ्याने म्हणतात, "रत्नागिरी." मुली घरी गेल्यावर तेवढं कापून टाकतात. माझ्या मोबाइलवर एक रेकॉर्डिंग आहे, त्यात मी बाईंचं बोलणं तसंच ठेवलंय. पोळ्या लाटताना लावते. गाणं सुरू व्हायच्या आत थांबवते, नि परत पहिल्यापासून लावते.