होडीचा भुसा

रंध्यातून निघालेल्या साली मुठीत घेऊन मेस्त आधी हुंगायचे, मग निकाल द्यायचे. "ह्यो फणस. जित्तो आसा. घेऊन जा गो बाय." प्लायवूडचा भुसा असला की तोंड वाकडं. "ह्या मेलला. हात लावू नको."

आचऱ्याला माझी रोपवाटिका आणि रस्त्यापलीकडे त्यांची सुतारशाळा. होड्या दुरुस्त करणं हा त्यांचा मूळ धंदा. लाकडी होड्या कमी झाल्या तसे ते दारं-खिडक्या करू लागले. सुताराला आमच्याकडे मेस्त म्हणतात. मीही तेच म्हणत असे.

एकदा त्यांनी ताजा भुसा मिरच्यांच्या बुडाशी जाड थर करून घातला. मिरच्या पिवळ्या पडल्या.

"मेस्त, कच्चा भुसा कुजताना जमिनीतला कस स्वतःच ओढून घेतो. आधी शेणात कुजवायचा."

"लाकूड काय झाडांका परक्या आसा?"

"नाही. पण भुकेलं आहे."

हे त्यांना पटलं. मग शेण, गिरिपुष्पाचा पाला आणि भुसा यांचे थर देऊन त्यांनी मागच्या अंगणात ढीग लावला. पाणी मारत, वरखाली करत वर्षभर सांभाळला. काळंभोर खत झालं. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, शिकलेलं शिकवणाऱ्यालाच ऐकवणारा. माझ्याकडे जास्वंद न्यायला आलेल्या बाईला ते रस्त्यापलीकडून ओरडून सांगत, "घाई करू नको गो! कुजांदे!"

त्यांच्या वडिलांची होडी किनाऱ्यावर माडाच्या विणलेल्या झापांखाली पडून होती. कोणी समुद्रात नेत नव्हतं. किडीनं फळ्या पोखरल्या, तेव्हा त्यांनी ती स्वतःच मोडली. चुलीत घालायची नाही, कोणाला द्यायची नाही, असं ठरवूनच. फळ्या तासून, कापून भुसा करायचा आणि तो काकींच्या अबोलीला घालायचा. काकी म्हणजे त्यांची बायको. काकींच्या अबोलीची वेणी दर शुक्रवारी देवीला जायची. होडी अशी दारात फुलेल, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मी स्पष्ट नको म्हटलं. होडीला दरवर्षी काजूच्या टरफलाचं तेल पाजलेलं असतं. कातडी सोलून काढणारं तेल ते. तळाला शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग असतो, तो वेगळाच.

"रंग सगळो खरवडून काढलंय."

"तेल आत मुरलंय, मेस्त. ते रंध्याने निघत नाही."

ते उठले. "बापाशीची होडी ती. माझ्या अबोलीक विख घालतली?"

आणि ते फळ्या तासायला लागले. त्यांनी शेण घातलं, पाला घातला, धीरही धरला. खत काळं झाल्यावर वाफ्यात पसरलं. आधी पानांच्या कडा जळल्या, मग अबोली मुळासकट गेली.

काकी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "होडी बुडाली नाय कधी. माझो वाफो बुडवल्यान."

मेस्त हसले नाहीत. रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. मी सांगितलं, वरची माती काढा, ती आणि उरलेला कोरडा भुसा पोत्यांत भरा. जाळू नका, त्याचा धूर वाईट. पुरू नका. खाडीत तर मुळीच टाकू नका.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मगे हिका खंय नेव?"

रोपांना कीड लागली, माती आंबली, तर मी पटकन उत्तर देते. या वेळी शेडमधली रिकामी पोती तेवढी आणून दिली.

त्यांनी पोती भरून सुतारशाळेच्या माळ्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी ढीग कधी लावला नाही. फणसाच्या चांगल्या सालीसुद्धा परस्पर उचलायला सांगत. मी न्यायला गेले तर म्हणत, "तूच बघ गो बाय, माका आता कळणा नाय."

मागच्या पावसाळ्यात ते गेले. सुतारशाळा भाड्याने द्यायची म्हणून काकींनी मला बोलावलं. भाडेकरू म्हणत होता, एवढा सुका भुसा आहे, तुमच्या रोपांना घाला. मी नाही म्हटलं, आणि पोती माझ्या शेडमध्ये नेते म्हटलं. त्याला काही उमगलं नाही.

"काय करतलंस त्येचा?" काकींनी विचारलं.

"ठेवते."

त्यांनी पदर खोचला आणि पोत्याचं एक टोक धरलं. ही होडी वाळूवरून ओढायला अख्खी वाडी लागायची म्हणे. रस्त्यापलीकडे तिला आम्ही दोघींनीच नेलं, मध्ये कुठे टेकावंसुद्धा लागलं नाही.