सुट्टीतला पत्ता

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या सव्वीस वर्षांच्या सेवेत एकही कुलूप लावायचे राहिले नव्हते. उन्हाळ्यात वसतिगृह सहा आठवडे पूर्ण बंद ठेवण्याचा नियम त्यांनीच भांडून करून घेतला होता. यंदा त्यात त्यांनी एक भर घातली: प्रत्येक मुलीने सुट्टीतला पत्ता द्यावा, त्यावर पत्र जावे, ते पालकांच्या सहीनिशी परत यावे, मगच पुढल्या वर्षीची खोली.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचे पत्र ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले. सुट्टी लागायच्या दिवशी, सकाळच्या जेवणाला, बाईंनी तिला भरल्या जेवणघरात उभे केले.

“ह्या पत्त्यावर तुझं कुणीच राहत नाही. सहा आठवडे कुठं उंडारणार होतीस?”

“बाई, ऑफिसात बोलूया का?”

“का? चोराच्या मनात चांदणं?”

“सासरचा पत्ता दिला असेल, बाई!” मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

मुलगी ताटाकडे पाहत शांतपणे म्हणाली, “मला आईवडील नाहीत, बाई. मी सरकारनं दुसऱ्यांकडे सांभाळायला दिलेली मुलगी. सात घरं झाली. त्यातले हे काका-काकू सगळ्यात मायेचे, म्हणून त्यांचा पत्ता लिहिला. त्यांनी घर सोडलं, हे तुमच्याकडूनच कळतंय. अठरा पूर्ण झाली की कुठलंच घर मिळत नाही. मागच्या सुट्टीत कापडाच्या दुकानात कामाला होते, मालकिणीनं गोदामात राहू दिलं. यंदा ते दुकानही बंद झालं.”

दर सुट्टीला बाई प्रत्येक मुलीला “आईला माझा नमस्कार सांग” असे म्हणून निरोप देत. गेल्या वर्षी हिलाही तसेच म्हटले होते. “हो बाई, सांगते,” असे उत्तर तिने हसून दिले होते, ते बाईंना आता आठवले आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्या तशाच प्राचार्यांकडे गेल्या.

“अहो बाई, बंद ठेवायचा हट्ट तुमचाच ना?”

“माझाच. म्हणून तर मान खाली घालून मागते आहे.”

बाईंनी स्वतः तिथे राहावे, या अटीवर परवानगी मिळाली. बहिणीकडे जाण्याचा बेत रद्द करून त्या मुलीच्या खोलीवर गेल्या.

“सुट्टीत इथंच राहा. पुढल्या वर्षीची खोलीही तुझीच.”

“थँक्यू, बाई. खोटा पत्ता लिहिला, माझं चुकलं.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. क्षमा त्यांनी मागायची होती, तीही जेवणघरात. संध्याकाळी त्यांनी ती मागितली. परंतु हसणाऱ्यांपैकी बहुतेक जणी दुपारच्या गाड्यांनीच घरी गेल्या होत्या. उरलेल्या नऊ जणींसमोर बाई अडखळत बोलल्या. मुलीने मान वर केली नाही.

पुढे ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. त्याचे श्रेय कोणी रेक्टरबाईंना देऊ लागले की बाई विषय बदलत नाहीत, उठून जातात.