गप्प बसला म्हणून मारला

उसाचा पहिला तडाखा माझ्या धाकट्या भावाच्या पाठीवर बसला आणि पाटील मला म्हणाला, "पाय धर गं ह्याचं. हलला तर तुलाबी देतो."

धरले. पोट त्याच्या गुऱ्हाळावर, झोपडी त्याच्या रानात. काय करणार?

भावाचा गुन्हा सांगते. रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारायचं काम त्याचं. त्या दिवशी चुलवाणापुढं बसला तो बसलाच. जाळ विझला, काहिलीतला रस नासला.

आता ऐका. आदल्या वर्षी ह्याच भावाला आवाज ऐकू यायचे. चिपाडांच्या ढिगाशी भांडायचा, आभाळाला शिव्या द्यायचा. तेव्हा हाच पाटील त्याच्यापुढं नारळ ठेवून विचारायचा, "देवा, कोर्टात माझं रान सुटंल का?" बडबडत होता तोवर देव. गोळ्यांनी आवाज उणावले, पोरगं गप्प झालं, की लगेच आळशी.

कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं होतं. "ओरडणं आधी कमी होईल. पण हे बसून राहणं, अंघोळ नको, बोलणं नको, हाही तोच आजार. हा लवकर हलत नाही. सोंग समजू नका."

पाटलाला तेच सांगितलं. तो हसला. "देव गेला, आता आजार आला व्हय? मस्ती हाय ही. धर!"

पाठ फुटली. रक्त माझ्या हातावर आलं. तिसऱ्या तडाख्याला ऊस मोडला. भाऊ कण्हलासुद्धा नाही, विझलेल्या चुलवाणाकडं बघत राहिला. पाटलानं दुसरा ऊस मागितला.

मी पाय सोडले. मोडका ऊस उचलला आणि पाटलाच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. तो खाली बसला, तोंडातनं शब्द फुटेना.

"गप का बसलासा पाटील?" मी म्हणाले. "सोंग करतासा?"

दिवस मावळायच्या आत पाटलाच्या माणसांनी आमची झोपडी मोडली. भांडी ओढ्यात गेली. भावाचा हात धरून मी दुसऱ्या गावाला आले, ती इथंच आहे.

त्याचे केस पिकले आता. आवाज अजून अधनंमधनं येतात. गप्प बसणं तर गेलंच नाही. शेजारीण विचारते, "अवो आक्का, कधी बरा व्हणार ह्यो?" होईल, न होईल. मी त्याला भरवते, न्हाऊ घालते. आणि दाराआड एक ऊस उभा करून ठेवते. वाळला की बदलते.

घरात कुणी नवा माणूस आला, की आधी त्याचं मनगट बघते.